मोटर आता नदीची

शिरूरच्या एसटी स्टँडवर परवा मी नुसतं "अहो, जरा सरकून बसता का?" एवढंच म्हणाले, तर बाकड्यावरचे दोन म्हातारे ताडकन उभे राहिले. एकानं पिशवी उचलली, दुसऱ्यानं आभाळाकडं पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मग पिशवीवाल्यानं माझ्या तोंडाकडं नीट निरखून विचारलं, "बाई, तुम्हीच का त्या आप्पा?"

"हो, मीच आप्पा," मी म्हटलं, "पण आज काही नाही. आज मला फक्त पाबळच्या गाडीला बसायचंय."

दोघं हसत खाली बसले आणि मधली जागा मला दिली.

बाईमाणसाला आप्पा म्हणतात हे वाचून तुम्ही बुचकळ्यात पडला असाल, तर आधी ते सांगते. माझं नाव सुमन साळवे. जन्म घोडनदीचा, म्हणजे शिरूरचाच. जुन्या मिशन कंपाउंडाच्या खालच्या गल्लीत वाढले आणि नवरा घरजावई झाल्यासारखा तिथंच राहायला आल्यामुळं म्हातारीही तिथंच झाले. नोकरी तहसील कचेरीत. सातबारा, रेशनकार्ड, निवडणुका असं सगळं दळण दळून झालं आणि निवृत्ती नजरेच्या टप्प्यात आली, तेव्हा माझी बदली आपत्ती कक्षात झाली. हा कक्ष म्हणजे एक खोली. त्यात दोन टेलिफोन, भिंतीवर नद्यांचा नकाशा, कोपऱ्यात लाइफ जॅकेटांचा ढीग आणि त्यावर झोपणारं एक मांजर. पावसाळ्यात पुराची वाट बघायची आणि उन्हाळ्यात टँकरची. कचेरीत या बदलीला 'कारकुनावरची आपत्ती' म्हणायचे.

मी त्या खोलीत गेले त्याच सुमारास तिथं ॲप आलं. आपत्तीची सूचना लोकांना थेट मोबाइलवर मिळावी म्हणून केलेलं. खेड्यात 'ॲप'चा 'आप' झाला, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'आप'चा 'आप्पा' व्हायला आठवडाही लागला नाही. ज्याला पुढचं कळतं आणि जो वेळेवर सांगतो तो आप्पाच असणार, असा त्यांचा हिशोब. "आप्पा काय म्हणतोय?" असं गावोगाव विचारू लागले.

ॲप साधं होतं. वरच्या अंगाला आमच्याकडून इशारे जायचे. खाली एक तांबडं बटण होतं, ते लोकांनी दाबायचं. बटण दाबलं की आमच्या खोलीत घंटा वाजायची आणि संगणकाच्या नकाशावर त्या माणसाच्या जागी ठिपका लुकलुकायचा. मग आम्ही त्याला फोन करायचा. हे सगळं बनवणारा श्रीकांत पुण्याहून यायचा. पस्तिशीचा, चष्मेवाला, अतिशय सभ्य माणूस. खोलीतल्या मांजराशीसुद्धा अहोजाहो बोलेल असा.

त्या तांबड्या बटणानं सुरुवातीला आम्हाला जेरीस आणलं. एक आजोबा रोज दुपारचं जेवण झालं की बटण दाबायचे. "काय झालं आजोबा?" म्हणून धावत फोन करावा, तर "काय न्हाई, चालू हाय का बघितलं." एका बाईनं दबक्या आवाजात सांगितलं, "गोठ्यात बिबट्या शिरलाय, आंधारात डोळं चमकत्यात." आमच्याकडं ऊस तिथं बिबट्या, त्यामुळं यात हसण्यासारखं काही नाही. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन पोचली, तेव्हा चमकणारे डोळे जावयाच्या नव्या मोटरसायकलचे निघाले. जावई लाजला, बाई मात्र लाजली नाही. "उद्या खरा आला तर दाबू का नको?" असं तिनंच उलट विचारलं. मी म्हटलं, दाबाच. पुढं त्याच गावात खरा बिबट्या आला, आणि पहिलं बटण तिचंच वाजलं.

आणखी एक आठवतो, कारखान्यात कामाला आलेला आणि भाड्याच्या खोलीत राहणारा भैया. "मॅडमजी, गैस लीक है, सबको उल्टी जैसा हो रहा है." अग्निशमनाची गाडी गेली, खोल्या रिकाम्या केल्या. वास येत होता मागच्या कांद्याच्या चाळीतून. भाव येईल या आशेवर ठेवलेला कांदा आतल्या आत सडला होता. तो भैया इतका ओशाळला की मला त्याची दया आली. "आपने बराबर किया," मी म्हटलं, "हमारा कांदा गैस से कम नहीं." त्याच आठवड्यात श्रीकांतनं ॲपमध्ये हिंदी घातली. चुकीच्या बटणांतूनही आम्ही असं शिकत होतो.

आता मूळ कामाकडं येते. धरण भरत आलं की दरवाजे उचलून पाणी नदीत सोडतात. त्याला कागदावर विसर्ग म्हणतात. धरणावरून आम्हाला फोन येतो की इतका विसर्ग केला. पण दरवाज्यातून निघालेलं पाणी लगेच गावाच्या दारात येत नाही. वाटेत वळणं असतात, बंधारे असतात. निघाल्यापासून पोचेपर्यंत मधे काही तास मिळतात. आमची सगळी नोकरी त्या मधल्या तासांची. ते तास वाया न घालवता लोकांच्या हातात द्यायचे, एवढंच काम.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अल्याड आम्ही, पल्याड दौंडवाले. इनामगावच्या खालच्या अंगाला घोड येऊन भीमेला मिळते, आणि त्या दोघींच्या बेचक्यात एक वस्ती आहे. गाळाच्या जमिनीमुळं तिला मळईची वस्ती म्हणतात. जमीन अशी की काठी रोवली तरी पालवी फुटेल. पण दोन्ही नद्या एकदम फुगल्या की वस्तीतून बाहेर पडायला एकच वाट उरते, टेकाडावरच्या शाळेकडं जाणारी. आमच्या नकाशावर या वस्तीभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल केलेला होता.

पहिल्या पावसाळ्यात पहिला मोठा इशारा द्यायची वेळ आली. श्रीकांतनं 'विसर्ग', 'पर्जन्यमान' असले शब्द काढून टाकले आणि सुटसुटीत वाक्य केलं: 'नदीत पाणी सोडण्यात येणार आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' तहसीलदार साहेबांसकट आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. इतकं सोपं सरकारी मराठी मी आख्ख्या नोकरीत वाचलं नव्हतं.

पाणी आलं, ओसरलं. आणि मग एक दिवस दगडूआबा आमच्या खोलीत आले. मळईच्या वस्तीतले मोठे बागायतदार. सत्तरीचे, उंच, डोक्याला कडक टोपी आणि हातात पेढ्यांचा पुडा.

"बाई, तुमचा आप्पा लई गुणाचा," ते म्हणाले. "दरसाली पाणी सुटल्यालं आमाला पाणी आल्यावर कळायचं. औंदा आधी कळलं. आख्खी वस्ती मोटरी घिऊन नदीत उतरली. बायांनी गोधड्या धुवायला काढल्या. पाणी यायच्या आत मोटर खाली बशिवली, पाइप जोडला, समदं तयार! घ्या, तोंड गोड करा."

श्रीकांतचा पेढा हातातच राहिला. मी पुडा बाजूला ठेवला.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमचा भाग कमी पावसाचा. वरच्या घाटात धो धो कोसळत असलं तरी आमच्याकडं ऊस वाळत असतो. इथं पाणी सुटणं ही आनंदाची बातमी. कालव्याला पाणी सुटतं, नदीला पाणी सुटतं, बंधारे भरतात, काठावरच्या मोटरी चालू होतात, पीक वाचतं. 'पाणी सुटलं' असं ऐकलं की आमचा माणूस नदीपासून पळत नाही, नदीकडं पळतो. आम्ही सगळे इथलेच, हे सगळ्यांना ठाऊक, पण खुर्चीत बसून वाक्य वाचताना एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. त्या वेळी पाणी बेताचं होतं म्हणून पेढे आले. जास्त असतं तर काय आलं असतं, या विचारानं मला खरीखुरी भीती वाटली. आमच्या ॲपनं गोड बोलून आख्खी वस्ती पुराच्या तोंडी उभी केली होती.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतला घेऊन वस्तीवर गेले. तिथं माणसं डीपीपाशी जमतात. डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. लाइट कवा येणार, कुणाचा फ्यूज उडाला, हे बघायला तिथं कुणी ना कुणी असतंच. मी म्हटलं, मंडळी, आमचा निरोप उलटा पोचला. पुढच्या वेळी काय म्हणू म्हणजे तुम्ही वर जाल?

"पूर येणार म्हणा," एकजण म्हणाला.

मी सांगितलं, पाणी धोक्याच्या खुणेला टेकल्याशिवाय पूर म्हणायला साहेबांना परवानगी नाही.

"मंग धोका हाय म्हणा."

"धोका तर पुढाऱ्यांपासून बी हाय," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. "आन् ते सतर्क म्हंजी काय वो?"

"सतर्क म्हंजी मोबाइलकडं बघत ऱ्हायाचं," तिसऱ्यानं समजावलं.

मग दगडूआबा म्हणाले, "काय बी म्हणा बाई, मोटर काढाया तर नदीत उतरावंच लागंल. मोटर म्हंजी घरातलं माणूस हाय आमचं."

त्यांच्या मागून गवताचा भारा घेऊन कौसाकाकू येत होत्या, आबांच्या घरधनीण. त्यांनी भारा तिथंच टाकला. "मोटर घरातलं माणूस, आन् मी कोण? बसा मोटरीला कवटाळून! नदी आली की मी कुणाच्या नावानं हाका मारू?"

आबांनी टोपी काढून परत घातली.

माझ्या कानात ते दोनच शब्द राहिले. नदी आली. लहानपणी आई घाटावरून कपडे तसेच टाकून ओरडत यायची, "पोरींनो, नदी आली गं!" आणि आम्ही हातातलं सोडून वर पळायचो. कशासाठी, किती, हे कधी विचारलं नाही. पाणी सुटतं ते पिकाला, पण नदी येते ती माणसाला. शब्द सगळ्यांच्याच घरात होता, फक्त कचेरीत आला नव्हता.

तिथंच डीपीपाशी बसून आम्ही दोन निरोप ठरवले. नदीकडं जाऊच नका असं सांगण्यात अर्थ नव्हता, माणसं जाणारच होती. म्हणून पहिला निरोप लवकर द्यायचा: 'वरून पाणी निघालंय. मोटरी काढायच्या तर आत्ता काढा. एकट्यानं उतरू नका.' आणि दुसरा, पाणी जवळ आल्यावर: 'नदी येतीय. वर या.'

"आन् दुसरा निरोप आला तवर मोटर निघाली न्हाई तर?" आबांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मोटर आता नदीची. जीव तुमचा."

बाकीचे हसले. आबा हसले नाहीत. "बोलाया सोपं हाय, बाई," ते म्हणाले. कौसाकाकू माझ्याकडं अशा बघत होत्या की मला कळलं, या बाईला दर पावसाळ्यात एकच भीती असते.

ते वाक्य दुसऱ्या निरोपात घालून साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "मोटर आता नदीची? साळवे मॅडम, हे शासकीय भाषेत बसत नाही हो." मी म्हटलं, "साहेब, माणूसही मोटरीसकट नदीत बसत नाही." शेवटी तोडगा निघाला. लिहिलेला इशारा शासनाच्या भाषेत राहील, आणि सोबत ॲप जे मोठ्यानं बोलून दाखवेल ते वस्तीच्या भाषेत. फोन मुका करून ठेवला असला तरी इशारा ऐकू येईल, अशी सोय श्रीकांतनं केली.

आधी त्यानं संगणकाचा आवाज लावून पाहिला. 'नदी येतीय' हे ती बया 'लिफ्ट आली' अशा सुरात सांगायची. मग माझा आवाज घ्यायचं ठरलं, कारण चर्चमध्ये मी जन्मभर माइकशिवाय गाणी म्हणत आलेय आणि शेवटच्या बाकड्यावरचा झोपलेला माणूसही मला जागा करता येतो. रेकॉर्डिंग केलं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथं जुन्या दप्तरांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, त्यामुळं आवाज घुमत नाही. एवढा उपयोग त्या गठ्ठ्यांचा मी प्रथमच पाहिला. तरी पहिल्या खेपेला मागं भंगारवाल्याची आरोळी आली, आणि 'नदी येतीय, मोटर आता नदीची' याच्यामागं 'भंगाऽर, लोखंड, पत्रा' ऐकून श्रीकांत खुर्चीतून पडायचा राहिला. दुसऱ्या खेपेला खिडकी लावून घेतली. अशी मी आप्पा झाले.

पुढच्या पावसाळ्यात परीक्षा आली. घाटात तुफान पाऊस, वरची सगळी धरणं काठोकाठ, घोड आणि भीमा दोन्हींना एकाच दिवशी पाणी. पहिला निरोप सकाळी गेला. मळईच्या वस्तीतली माणसं जोडीजोडीनं उतरली आणि भराभर मोटरी वर आणू लागली. तसे फोन येत होते आणि आम्ही खुशीत होतो. दुपारी दुसरा निरोप सोडला. माझाच आवाज खोलीतल्या फोनमधून ऐकताना अंगावर काटा आला.

थोड्याच वेळात तांबडं बटण वाजलं. ठिपका मळईचा. फोन कौसाकाकूंचा.

"बाई, समदी वर आल्यात. आमचं म्हातारं खाली हाय." त्यांचा आवाज फाटला होता. "मोटरीचा नट आडकलाय. जोडीचा गडी दमून वर आला, ह्ये न्हाई आलं. पाणी आडव्या वघळीत शिरलंय, खाली जायाला कुणाला वाट ऱ्हायली न्हाई."

"त्यांच्याजवळ फोन आहे का?"

"हाय. सदऱ्याच्या खिशात हाय आन् सदरा बाभळीवर टांगलाय. उचलत न्हाईत."

"मग आप्पा ऐकला असेल की त्यांनी!"

"ऐकला आसंल वो. पर त्यांचं ठरल्यालं हाय. म्हणत्यात, आप्पा समद्यांना सांगतोय, मला एकट्याला थोडंच सांगतोय!"

हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक इशाऱ्याची गोची हीच आहे. सगळ्यांना सांगितलेलं प्रत्येकाला दुसऱ्यासाठी वाटतं. बचावाची बोट इनामगावच्या बाजूनं निघाली होती, पण ती पोचेपर्यंत पाणी थांबणार नव्हतं. शेजारी श्रीकांत बसला होता. मी म्हटलं, "मला आत्ताच्या आत्ता बोलायचंय, फक्त वस्तीपुरतं. जमेल?"

"हद्द आखून पाठवता येईल," तो म्हणाला. "पण मॅडम, काठावरचे फोन पल्याडचाही टॉवर पकडतात. हद्द दोन्ही काठ धरून आखावी लागेल. दौंडकडंही ऐकू जाईल."

"जाऊ दे."

त्यानं नकाशावर बोटानं गोल काढला आणि माइक माझ्याकडं सरकवला. लिहून घ्यायला वेळ नव्हता. मी बोलले, "दगडूआबा! आबा, सुमनबाई बोलतेय. हा निरोप तुम्हाला एकट्याला आहे. नदी आलीय. मोटर नदीला देऊन टाका. काकू शाळेपाशी उभ्या आहेत, कुणाच्या नावानं हाका मारू विचारतायत. वर या, आबा!"

त्यानं ते तीनदा सोडलं.

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर आबांकडूनच ऐकलं. बाभळीवरचा सदरा त्यांच्या नावानं ओरडायला लागला. त्यांनी दुर्लक्ष केलं. मग टेकाडावरच्या शाळेपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचे फोन ओरडले. आणि मग पल्याड, दौंडच्या बाजूला काठावर पाणी बघायला जमलेल्या माणसांच्या खिशाखिशातून 'दगडूआबा, दगडूआबा' सुरू झालं. त्या लोकांनी समोर बघितलं तर पाण्याच्या कडेला एक उघडाबंब म्हातारा मोटरीशी झटतोय. त्यांनी कधी आबांना पाहिलं नव्हतं, नाव त्याच क्षणी कळलं होतं. एकानं हाक मारली, मग सगळा काठ ओरडायला लागला. "ओ दगडूआबाऽ! सोडा तीऽ! वर जावाऽ!"

"आवो, पल्याडचा तालुका माझं नाव घ्याया लागला," आबा सांगत होते. "म्हणलं, आपली मयत-बियत झाली का काय! हातातला पाना तितंच टाकला आन् सुटलो."

पण हे नंतरचं. तेव्हा खोलीत आम्ही दोघं नुसते फोनकडं बघत होतो. श्रीकांत मांजराच्या पाठीवरून एकसारखा हात फिरवत होता. कौसाकाकूंचा फोन चालूच होता, आणि त्यातून वारा, माणसांचा गलका आणि त्यांचं "देवा, देवा" एवढंच येत होतं. मीही माझ्या देवाचं नाव घेत होते. मग एकदम त्या ओरडल्या, "आलं! बाई, आलं वर! छातीइतक्या पाण्यातनं आलं. चिखलानं भरल्यात. शिव्या देत्यात मला!" आणि रडायला लागल्या. मीही रडले, अगदी मोठ्यानं. कचेरीत रडायचं नाही असं इतकी वर्षं पाळलेलं व्रत तिथं मोडलं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

साहेब दारात उभे होते. त्यांच्याही फोनवर निरोप वाजला होता का कोण जाणे. "साळवे मॅडम, शासनाच्या ॲपवर एका व्यक्तीचं नाव?"

"हो, साहेब."

"नियमात बसत नाही."

"नाही बसत."

त्यांनी नकाशावरच्या मळईच्या गोलावर बोट ठेवलं. "पोचले का वर?"

"पोचले."

"मग चहा सांगा. नियमाचं मी बघतो."

सगळंच गोड झालं असं मात्र म्हणणार नाही. त्याच पुरात भीमेच्या पात्रातल्या बेटावर एका धनगराची मेंढरं होती. तो स्वतः झाडावर चढून वाचला, मेंढरं डोळ्यांदेखत गेली. त्याच्याकडं फोन नव्हता. मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो नुसती काठी जमिनीवर आपटत राहिला. ज्याच्याकडं फोन नाही त्याला आप्पाही नाही, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. अजूनही ते मनाला लागतं. आता मेंढरं पात्रात उतरली की वस्तीतलं कुणीतरी धनगराला जाऊन सांगून येतं, "आप्पा बोलला की आमी शिट्टी मारू, तवा वर या." ही रीत कुठल्या आदेशानं आलेली नाही, मळईच्या बायांनी सुरू केली.

आणि मोटर? पाणी ओसरल्यावर पल्याडचे चौघंजण मुद्दाम 'दगडूआबा कोण ते बघाया' म्हणून आले. आले ते आले, गाळात रुतलेली मोटर दोरखंडानं बाहेर काढू लागले. रिवाइंडिंग करून ती अजून चालते. "नदीला नको व्हती," आबा म्हणतात, "माझ्यागतच जुनी हाय." दौंडच्या त्या चौघांतल्या एकाच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा आहेर घेऊन आबा आणि काकू पहिल्या पंगतीला होते.

तेव्हापासून आबांनी एक नवीन पद्धत पाडली. इशारा कुठलाही असो, आप्पा बोलला की ते मोटर काढतात, टेकाडावर जातात आणि मला फोन लावतात. "बाई, दगडू बोलतोय. मी वर हाय." एवढंच बोलतात आणि ठेवतात. मी निवृत्त झाले, श्रीकांत दुसऱ्या जिल्ह्याच्या कामाला गेला, खोलीत नवी माणसं आली. ॲपमधला आवाज मात्र त्यांनी बदलला नाही, आणि आबांचा फोनही चुकला नाही.

यंदा पावसाळ्यात एके दुपारी मी घरी चहा घेत बसले होते. टेबलावरचा माझा फोन माझ्याच आवाजात बोलायला लागला. 'नदी येतीय. मोटर आता नदीची. जीव तुमचा. वर या.' वरपासून खालपर्यंत घोड नदीच्या सगळ्या काठाला इशारा होता. आपलाच आवाज ऐकायला गंमत वाटते. मी ऐकलं, बरं बोललेय असं मनात म्हटलं आणि बिस्कीट बुडवलं. मग आबांचा फोन आला.

"बाई, दगडू बोलतोय. मी वर हाय. समदी वस्ती वर हाय, मोटरी बी वर हायेत. धनगराची मेंढरं बी आल्यात."

"छान झालं, आबा."

मी फोन ठेवणार, तर ते म्हणाले, "आन् तुम्ही?"

"मी काय, मी घरीच आहे."

"घर वर हाय का खाली?"

मी दाराबाहेर पाहिलं. आमची गल्ली उताराची. शेवटच्या घरापुढं, जिथं एरवी रिक्षा उभी असते, तिथं तांबडं पाणी चकाकत होतं.

"बाई, तुमचाच आवाज हाय म्हणून तुमाला सोडून बाकीच्यांला सांगितलंय, आसं समजू नका," आबा म्हणाले. मग त्यांनी आवाज चढवला. "सुमनबाई! ह्यो निरोप तुमाला एकटीला हाय. वर जावा!"

मी चहा तसाच ठेवला. शेजारच्या दोन दारांवर थापा मारल्या, त्यांना सोबत घेतलं आणि गल्ली चढून वर गेले. चर्चच्या पायरीवर टेकल्यावर दम घेतला आणि पहिला फोन आबांना लावला.

"आबा, सुमन बोलतेय," मी म्हटलं. "मी वर आहे."